पैसे संपतील तेव्हा कुठलं काम राहिलेलं चालेल?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. कोथरूडमधली १९८७ ची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, ६४० चौरस फूट कार्पेट. इतकी वर्षं भाड्यानं दिलेला होता, आता सासू-सासरे राहायला येणार आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत काढायची आहे, जुन्या मोझॅकवर नव्या टाइल्स, दोन्ही बाथरूम नव्यानं, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग. हाताशी १२ लाख आहेत. ठेकेदारानं एका पानावर 'कम्प्लीट वर्क' लिहून एकच आकडा दिलाय आणि चार लाख आगाऊ मागतोय. दिवाळीपर्यंत गृहप्रवेश हवा आहे. लोक नेहमी करतात त्या चुका कोणत्या, असं तुम्ही विचारलंय.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गेली २४ वर्षं मुख्यतः जुन्या फ्लॅटची कामं करतो. चुकांची यादी देता येईल, पण ती वाचून फारसं काही टळत नाही असं मी पाहिलंय, कारण बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. घरातले लोक चार महिने शटरचा रंग, टाइलची डिझाइन आणि सीलिंगचे दिवे निवडण्यात घालवतात. पाइप, वायर आणि वॉटरप्रूफिंग मात्र 'तुम्ही बघा काय ते' म्हणून ठेकेदारावर सोडतात. मग तिसऱ्या महिन्यात पैसे कमी पडतात. जुन्या घरात ते पडतातच, कारण तोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. तोवर भिंतीच्या आतलं काम स्वस्तात उरकून वर टाइल बसलेली असते. म्हणून मी प्रत्येक घरात पहिल्याच बैठकीत विचारतो: पैसे संपतील तेव्हा कुठलं काम राहिलेलं तुम्हाला चालेल? वॉर्डरोबला दारं नाहीत, सहा महिने पडदा लावला, चालतं. सीलिंग पुढच्या वर्षी केलं, चालतं. बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरलं तर चालत नाही. उत्तर ठरलं की खर्चाचा आणि कामाचा क्रम आपोआप लागतो.

आता तुमच्या भिंतीकडे येतो. ती काढता येईल की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि फोटो पाहून कोणी 'काढा बिनधास्त' म्हणालं तर त्याचं ऐकू नका. त्या काळातल्या काही इमारती आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) फ्रेमच्या आहेत, म्हणजे भार कॉलम आणि बीम घेतात, विटांची भिंत फक्त मधे भरलेली असते. काही लोड-बेअरिंग आहेत, तिथे स्लॅब भिंतीवरच टेकलेला असतो. भिंतीच्या जाडीवरून हे ओळखता येत नाही. नऊ इंची भिंत फ्रेमच्या इमारतीतही असते. ठोकून आवाजावरूनही कळत नाही. सोसायटीकडे मंजूर नकाशे आणि आरसीसी ड्रॉइंग आहेत का ते विचारा. तीच भिंत खालच्या आणि वरच्या घरात त्याच जागी आहे का ते बघा. मग एक स्ट्रक्चरल इंजिनियर घरी बोलवून त्याचं लेखी मत घ्या. त्याची फी तुमच्या सीलिंगच्या खर्चापेक्षा कमीच असेल.

याबाबत मी इतका कडक का, ते सांगतो. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. तुमच्या घरात कॉलमला कोणी हात लावणार नाही, हे मी धरून चालतो. पण वायरिंगच्या पाइपासाठी बीमला आडवी झिरी मारणं, नळाचा पाइप दडवायला कॉलमचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडून सळई उघडी करणं, हे मी दर दोन-तीन साइटवर एकदा तरी थांबवतो. ग्राइंडर हातात असलेल्या मुलाला वीट आणि काँक्रीट यांतला फरक कोणी सांगितलेला नसतो. म्हणून तोडफोड सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी स्वतः लाल खडूनं कॉलम आणि बीमवर फुल्या मारतो. तुम्हीही मारून घ्या.

समजा इंजिनियर म्हणाला की भिंत निघू शकते. तरी सगळी काढू नका, असं मी सुचवेन. ओट्याच्या उंचीपर्यंत भिंत ठेवून वर चार फुटांची खिडकी उघडली की हॉल आणि स्वयंपाकघर जोडलं जातं, सासूबाईंना आतून बोलता येतं, आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका सोफ्यापर्यंत जायला नको असेल तर सरकती काच लावता येते. पाइपचा गॅस असेल तर ती लाइन कंपनीच्या माणसाशिवाय कोणीही हलवायची नाही आणि भिंतीत गाडायची नाही.

फरशीचा प्रश्न वजनाचा आहे, आणि तो कोणी मोजत नाही. मोझॅकवर सिमेंट-वाळूचा दीड-दोन इंच थर घालून वर टाइल बसवली तर दर चौरस मीटरला साधारण १०० ते १२० किलो वजन वाढतं. राहत्या खोल्यांचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. म्हणजे त्यातला निम्मा भार तुम्ही नुसत्या फरशीवर खर्च केलात. दहा बाय बाराच्या एका खोलीत हे ११०० ते १३०० किलो होतं. तीच टाइल जुन्या फरशीवर अॅडहेसिव्हनं चिकटवली तर त्याच खोलीत वजन ३०० किलोच्या आसपास वाढतं. तेव्हा पर्याय दोनच: जुनी फरशी तिच्या खालच्या थरासकट पूर्ण काढा, किंवा ती पक्की असेल तर वर अॅडहेसिव्हनं टाइल लावा. पक्की आहे का हे बघायला लोखंडी सळईचा तुकडा घेऊन एकेक फरशी वाजवा. जिथे पोकळ आवाज येतो तिथली काढून भरून घ्यावी लागते. माझा स्वतःचा कल तुमच्या बाबतीत टाइलवर टाइल याकडे आहे, कारण १९८७ च्या स्लॅबवर ब्रेकर चालवायला मला आवडत नाही आणि तेवढा राडारोडाही वाचतो. पण मग फरशी अर्धा-पाऊण इंच वर येईल. सगळ्या दारांना खालून कापावं लागेल, आणि मुख्य दाराच्या उंबऱ्याशी पायाला ठेच लागेल अशी पायरी राहत नाही ना ते आधीच मोजा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती अर्ध्या इंचाची पायरी दिवसातून वीस वेळा लागते.

बाथरूममध्ये मात्र टाइलवर टाइल अजिबात नाही. तिथे स्लॅबपर्यंत जा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी स्वतः केलेली सगळ्यात महागडी चूक इथलीच आहे.

२००३ मध्ये माझ्या स्वतंत्र कामाचं दुसरंच वर्ष होतं. सदाशिव पेठेत एका घरी मुलीचं लग्न तोंडावर होतं, पाहुणे यायचे होते. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं, पाणी भरून ठेवायचे दोन दिवस माझ्याकडे नव्हते. गवंडी म्हणाला, "साहेब, तीन हात मारलेत, काही होत नाही." मी मान डोलावली. सहा आठवड्यांनी खालच्या घरातल्या काकूंनी बोलावलं. त्यांच्या देवघराच्या वर, बरोबर समईच्या माथ्यावर, ताटाएवढा काळपट डाग आला होता आणि पोपडे देव्हाऱ्यावर पडत होते. नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतालचा सांधा नीट भरला नव्हता, एवढंच कारण. नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या, त्या बॅचच्या टाइल्स दुकानात संपल्या होत्या, आणि त्या बाथरूमच्या फरशीत दोन छटा राहून गेल्या. खर्च मी भरला. पण काकूंना दोन महिने देव बाहेरच्या खोलीत हलवावे लागले, त्याची भरपाई मला करता आली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. वॉटरप्रूफिंगआधी ट्रॅप आणि पाइपांभोवतीच्या फटी नॉन-श्रिंक ग्राउटनं (वाळताना न आकसणाऱ्या सिमेंटी भरावानं) भरायच्या, कोपऱ्यांना गोलाई द्यायची, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या भागात पाच-सहा फुटांपर्यंत चढवायचा. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरायचं, पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ मारायची आणि ४८ तास कोणी आत पाय ठेवायचा नाही. २४ तासांनी आणि ४८ तासांनी खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघायचं. त्यानंतर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमधला थर) झाला की पुन्हा पाणी भरायचं, कारण कोबा करताना घमेलं आपटून, फावडं लागून थर फाटतो. दोन्ही वेळा पाणी टिकलं तरच टाइल. ठेकेदाराच्या कागदावर 'दोन वेळा पाणी भरून तपासणी' हे शब्द लिहून घ्या.

आणि तोडायला सुरुवात करण्यापूर्वी खालच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या छताचे फोटो काढून ठेवा, त्यांच्यासमोर. आधीचा डाग कुठला आणि नंतरचा कुठला यावरून होणारी भांडणं यामुळे टळतात. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूम-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो, सोसायटीचा नाही.

बाथरूमबद्दल अजून तीन गोष्टी, सासूबाईंच्या दृष्टीनं. दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं. आधाराच्या दांड्या कुठे येणार ते टाइलच्या आधी ठरवा, म्हणजे तिथल्या भिंतीत पोकळी राहणार नाही. आणि शॉवरचा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक), कमोड, गीझर, सिंक हे सगळं प्लंबर येण्याआधी विकत आणून साइटवर ठेवा. डायव्हर्टर भिंतीत किती खोल बसवायचा हे तयार टाइलच्या पृष्ठभागावरून ठरतं. मॉडेल हातात नसेल तर प्लंबर अंदाजानं बसवतो, नंतर वरची झाकणी टाइलला टेकत नाही आणि त्या फटीतून पाणी भिंतीत शिरत राहतं. कमोड एस ट्रॅप (खाली जमिनीत निघणारा) की पी ट्रॅप (मागे भिंतीत निघणारा) हे तुमची जुनी लाइन स्लॅबमधून जाते की भिंतीतून यावर ठरेल, म्हणून दुकानात जाण्याआधी प्लंबरकडून ते बघून घ्या.

पाइपांचं म्हणाल तर १९८७ चे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील तर एकही ठेवू नका. कापलेला तुकडा हातात घेऊन आतून बघा. अर्ध्या इंचाच्या पाइपात गंजाचा थर चढून पेन्सिल जाईल एवढीच वाट राहिलेली असते. गरम पाण्यालाही चालेल असा सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप घाला, प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा कॉक ठेवा. प्लास्टर करण्यापूर्वी हातपंपानं लाइनला दाब देऊन काटा दोन तास बघा. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय, आणि ते तेव्हाच सापडलेलं बरं. मग प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून, जमिनीपासूनचे आणि कोपऱ्यापासूनचे आकडे दिसतील असे फोटो काढा. पाच वर्षांनी आधाराची दांडी किंवा आरसा लावायला कोणी ड्रिल घेऊन येईल तेव्हा ते फोटो उपयोगी पडतील.

वायरिंगसाठी आधी महावितरणचं बिल काढा. त्यावर 'मंजूर भार' छापलेला असतो. मग तुमची यादी करा: दोन गीझर दोन-दोन किलोवॅटचे, दोन एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, गरम पाण्याचं वॉशिंग मशीन. बेरीज सहज १० किलोवॅटच्या वर जाते. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण त्या काळच्या वायरिंगचा विचारच दोन-चार दिवे-पंखे आणि एका फ्रिजचा होता. भार वाढवायचा अर्ज आधी करा. दिवे-पंख्यांना १.५, साध्या १६ अँपिअरच्या प्लगना २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). बाथरूम आणि स्वयंपाकघर ज्यावर आहे त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) घ्याच. इमारतीचं अर्थिंग मीटरबोर्डापर्यंत शाबूत आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जुन्या इमारतींत ते अनेकदा नावालाच असतं. आणि पलंग, टीव्ही, डायनिंग टेबल कुठे येणार हे भिंतीवर खडूनं काढल्याशिवाय एकही पॉइंट ठरवू नका.

इथवर जे सांगितलं, म्हणजे इंजिनियरचं मत, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंग, बाथरूम आणि फरशी, ते बजेटमधला पहिला वाटा. त्याच्याबरोबरच १२ पैकी दीड-दोन लाख बाजूला ठेवा आणि ठेकेदाराला ते आहेत हे सांगू नका. स्वयंपाकघर दुसऱ्या वाट्यात. वॉर्डरोब, सीलिंग, पॅनेलिंग उरलेल्यात. मला विचाराल तर साडेनऊ फुटांच्या जुन्या छताला सगळीकडे फॉल्स सीलिंग करण्याची गरजच नाही.

किचनमध्ये दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं प्लायवूड. सिंकखाली आणि ओट्याखाली आयएस ७१० चा (मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा) शिक्का असलेला प्लाय मागा. आयएस ३०३ चा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय हवेतला दमटपणा सहन करतो, पण सतत लागणारं पाणी नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. माल आला की लॅमिनेट चढण्याआधी प्रत्येक पाटावरचा शिक्का बघा. दुसरं ओट्याची उंची. ठेकेदार ३४ इंच धरून मोकळा होतो. रोज तिथे जी व्यक्ती उभी राहणार तिचा कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. सासूबाईंची उंची पाच फुटांच्या आत असेल तर ३१-३२ इंच योग्य ठरतील. खांदे उचलून पोळ्या लाटायला लागल्या की महिन्याभरात मान धरते.

आता तो एका पानाचा कागद. त्यावर सही करू नका. ठेकेदार वाईट असेल असं माझं म्हणणं नाही, पण 'कम्प्लीट वर्क' याचा अर्थ त्याच्या आणि तुमच्या डोक्यात वेगळा आहे. प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या: किती चौरस फूट, कुठल्या प्रतीचं साहित्य, ते कोण आणणार, मोजणी कशी होणार. राडारोडा उचलणं, माल जिन्यानं वर चढवणं, दारं कापणं, जुने पाइप काढणं आणि १८ टक्के जीएसटी आकड्यात आहे की नाही ते स्पष्ट लिहा. वाद नेमके या पाच गोष्टींवर होतात. चार लाख आगाऊ हे १२ लाखांतले एक तृतीयांश झाले. मी सुरुवातीला दहा टक्के देईन, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्याला बांधीन: तोडफोड पूर्ण, पाइप आणि वायर तपासून झाले, पाण्याची चाचणी झाली, टाइल झाली, सुतारकाम झालं. शेवटचे दहा टक्के राहायला गेल्यावर महिन्याभरानं. नळ, ट्रॉल्या, दारं वापरात आल्यावरच बोलायला लागतात. चांगला ठेकेदार याला तयार होतो. मात्र साहित्याचे पैसे तुम्ही वेळेवर द्या, नाहीतर त्याचे गवंडी दुसऱ्या साइटवर जातात आणि मग दोष कोणाचा हे सांगता येत नाही.

सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागा. ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. बाहेरच्या भिंतीतून ओल येत असेल तर ती पॅनेलखाली झाकू नका. या पावसाळ्यात भिंती उघड्या ठेवून कुठे पाणी येतं ते बघा, खुणा करा, कमिटीला दाखवा. बाल्कनी खालून आधार नसलेली, बाहेर काढलेली असेल तर ती विटांनी बंद करून खोलीत घेऊ नका, तो स्लॅब तेवढ्या भारासाठी केलेला नसतो.

दिवाळी गाठता येईल, पण करारात तारीख दसऱ्याची लिहा. दसरा ते दिवाळी हे वीस दिवस राहिलेल्या बारीकसारीक कामांना लागतील, आणि दिवाळी-छठला गावी गेलेले कारागीर परत कधी येतील याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात आतलं प्लास्टर वाळायला वेळ लागतो. ओल्या भिंतीवर पुट्टी चढवून रंग दिला तर संक्रांतीपर्यंत पापुद्रे सुटतात, म्हणून रंगारी सगळ्यात शेवटी आणि घाई न करता. आणि काम चालू असताना त्या घरात राहायचा विचार कोणी करत असेल तर नको. धुळीचा त्रास आहेच, शिवाय घरची माणसं समोर वावरत असली की प्रत्येक खोली अर्धी-अर्धी करावी लागते.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा: सोसायटीच्या कपाटातून आरसीसी ड्रॉइंग निघतं का ते बघा, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. तो काय म्हणाला ते इथे लिहा, सोबत कॉलम कुठे आहेत ते दाखवणारं हातानं काढलेलं चित्र टाका. भिंतीचं ठरलं की ओटा कुठल्या बाजूला घ्यायचा आणि सिंकची लाइन कशी न्यायची हे मी तुम्हाला नीट सांगू शकेन.